इंजिन कुणाचं?

२८ जानेवारी २०२५. रात्रीची जेवणं आटोपून मी ओटा पुसत होते आणि फोन टिंगटिंग वाजायला लागला. अमेरिकेतल्या भाच्याने घरच्या ग्रुपवर लागोपाठ सात मेसेज टाकले होते. कॅलिफोर्नियातल्या मोहावेच्या वाळवंटावर एक पांढरं, दाभणासारखं टोकदार विमान उडत होतं. बूम सुपरसॉनिक नावाच्या कंपनीचं एक्सबी-१. आत एकच वैमानिक. त्याने नुकताच ध्वनीचा वेग ओलांडला होता, मॅक १.१२२, म्हणजे ध्वनीच्या १.१२२ पट वेग. आणि हे विमान कुठल्या संरक्षण खात्याचं नव्हतं, एका स्टार्टअपचं होतं. भाच्याने खाली लिहिलं होतं, "आजोबा, बघाच! काही वर्षांनी मी सकाळी निघून रात्री जेवायला नाशकात!"

आजोबांनी, म्हणजे माझ्या बाबांनी, व्हिडिओ दोनदा पाहिला. टाइप करणं त्यांना जमत नाही. त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि व्हॉइस मेसेज पाठवला, "छान आहे रे. इंजिन कुणाचं?"

बाबा १९६६ साली नाशिकजवळच्या ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे सरकारी विमान कारखान्यात, फिटर म्हणून लागले. मिग-२१चा कारखाना तेव्हा नवा होता. विमानाची कुडी ओझरला तयार व्हायची, इंजिन ओडिशातल्या कोरापुटच्या कारखान्यातून यायचं. कुडी तयार होऊन उभी आहे आणि इंजिन यायचंय, असं असलं की बाबा घरी येऊन म्हणायचे, "नवरी नटून बसलीय, वऱ्हाड कोरापुटला अडकलंय." त्यामुळे विमान म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न तोच. टीव्हीवर कुठलंही विमान दिसो, इंजिन कुणाचं. चुलत भावाने नवी गाडी घेतली तेव्हाही त्यांनी रंगाला नाव ठेवण्याआधी हेच विचारलं होतं.

भाच्याने शोधून सांगितलं: जनरल इलेक्ट्रिकची जे-८५, तीन. बाबा हसले. हे इंजिन १९५०च्या दशकातलं आहे. अमेरिकन हवाई दलाच्या टी-३८ या शिकाऊ विमानात आणि एफ-५ लढाऊ विमानात तेच. म्हणजे नव्या युगाच्या विमानाला बाबांच्या शाळकरी वयातलं इंजिन. त्यात कमीपणा काही नाही. प्रयोगाच्या विमानाला हाताशी असलेलं, खात्रीचं इंजिन लावणं हा शहाणपणाच. पण प्रश्न तिथेच लोंबकळत राहिला. या छोट्या विमानावरून जे मोठं प्रवासी विमान बनायचं आहे, साठ-ऐंशी माणसं घेऊन मॅक १.७ने जाणारं 'ओव्हर्चर', त्याचं इंजिन कुणाचं?

त्या उत्तराकडे जाण्याआधी आवाजाबद्दल थोडं सांगते, कारण सुपरसॉनिक, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान, म्हटलं की मला आधी आमच्या कॉलनीतल्या खिडक्या आठवतात.

दुपारची शांत वेळ. आई तांदूळ निवडत बसलेली. आणि एकदम आभाळ दुभंगल्यासारखा आवाज. गडगडाट नव्हे, एकच ठोका. भांडी फळीवर थरथरायची, काचा तावदानात कडकड वाजायच्या. आई वर न बघता म्हणायची, "गेला." संध्याकाळी दूध घालायला येणारे काका हमखास तक्रार करायचे: आवाजाने म्हशीने दूध चोरलं. आई म्हणायची, म्हैस दूध चोरते की तुम्ही, ते आम्हाला काय ठाऊक. नाशिक जिल्ह्यात आजही मधूनच असा धडाका होतो, निफाड-दिंडोरीकडचे लोक भूकंप झाला म्हणून घराबाहेर येतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात खुलासा येतो, सुखोई होतं. बंगळुरूला २० मे २०२० रोजी असंच झालं. लॉकडाऊनमुळे शहर सुन्न होतं, त्यात भरदुपारी हा स्फोट. संरक्षण खात्याने सांगितलं की हवाई दलाच्या विमानाची चाचणी होती.

पुष्कळांना वाटतं की विमान ध्वनीचा वेग ओलांडतं त्या क्षणी एकदा हा आवाज होतो आणि संपतो. तसं नाही. पाण्यातून होडी जाताना तिच्यामागे लाटेचं पाचर तयार होतं आणि ते होडीबरोबरच पुढे सरकतं, तसं विमानामागे दाबाच्या लाटेचं शंकू असतं. विमान जोवर ध्वनीपेक्षा वेगात आहे तोवर ते शंकू जमिनीवरून ओढलं जातं. साठ हजार फुटांवरून जाणाऱ्या विमानाचा हा पट्टा साधारण शंभर किलोमीटर रुंद असतो. प्रत्येकाला धडाका एकदाच ऐकू येतो, पण पट्ट्यातल्या प्रत्येकाला येतो. नाशिकपासून नागपूरपर्यंत रेघ मारा आणि दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास किलोमीटर घ्या. किती गावं, किती गोठे, किती पाळणे.

अमेरिकनांनी हे माणसांवर करून पाहिलं आहे. १९६४ साली ओक्लाहोमा सिटीवर सहा महिने, रोज ठरल्या वेळी, लष्करी विमानांनी एकूण १,२५३ धडाके केले. हेतू असा की लोकांना सवय होते का बघू. शहरातल्या दोन सर्वांत उंच इमारतींच्या पहिल्या चौदा आठवड्यांत १४७ काचा गेल्या. शेवटी सुमारे २७ टक्के लोकांनी सांगितलं की याच्यासोबत राहणं आम्हाला जमायचं नाही. उरलेल्यांना जमलं असतं, हेही खरं. पण चारांतला एक नको म्हणतो अशी गोष्ट रोज डोक्यावरून नेता येत नाही. १९७१ मध्ये अमेरिकन संसदेने बोइंगच्या सुपरसॉनिक विमानाचे पैसे बंद केले, आणि १९७३ मध्ये जमिनीवरून ध्वनीपेक्षा वेगाने नागरी विमान उडवायलाच बंदी आली. कॉन्कॉर्ड, म्हणजे ब्रिटन-फ्रान्सने मिळून बनवलेलं सुपरसॉनिक प्रवासी विमान, समुद्रापुरतं उरलं ते त्यामुळे.

यात आपलाही एक कोपरा आहे. ब्रिटिश एअरवेजने सिंगापूर एअरलाइन्सबरोबर लंडन–बहारीन–सिंगापूर अशी कॉन्कॉर्डची फेरी १९७७ अखेरीस सुरू केली. मलेशियाने आवाजाची तक्रार केली, फेऱ्या थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या. भारताच्या हवाई हद्दीत सुपरसॉनिक वेगाला परवानगी नव्हती. मग वेगाचं विमान आपल्या डोक्यावरून इतर विमानांसारखंच जाणार आणि इंधन मात्र भरमसाट पिणार. १९८० मध्ये फेरी बंद झाली. लहानपणी बाबांनी हे सांगितलं तेव्हा मला भारताचा थोडा रागच आला होता. आता नाही येत. मी त्या दूधवाल्याच्या म्हशीच्या बाजूची झाले आहे.

बूमचं म्हणणं आहे की आवाजाचा प्रश्न आम्ही सोडवला. युक्ती सुंदर आहे. जमिनीजवळची हवा उबदार असते, तिथे ध्वनीचा वेग जास्त. वरच्या थंड हवेतून खाली येणारी लाट त्या उबदार थरात वाकते आणि जमिनीला न टेकता परत वर वळते. उंची आणि वेग नेमका राखला तर खाली धडाका येत नाही. एक्सबी-१ने त्या दिवशी तीनदा ध्वनीचा वेग ओलांडला आणि खाली काही ऐकू आलं नाही असं कंपनी सांगते, आणि शास्त्र पाहता त्यात अविश्वास ठेवण्यासारखं काही नाही. पण हे जमतं ते फार तर मॅक १.३पर्यंत, आणि तेही हवा साथ देईल तसं. मग १.७ कुठे गेला? समुद्रावर. तिकडे 'नासा'ही एक्स-५९ नावाचं लांब नाकाचं विमान घेऊन आवाज बोथट करता येतो का ते तपासते आहे; ते ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा उडालं. जून २०२५ मध्ये अमेरिकन राष्ट्राध्यक्षांनी जुनी बंदी उठवायचा आदेशही दिला. बंदी उठली म्हणून लाट मवाळ होत नाही, पण असो.

भाच्याच्या 'रात्री जेवायला नाशकात'चा मी कागदावर हिशेब केला. ओव्हर्चरचा पल्ला साधारण ७,८०० किलोमीटर सांगतात. मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार. म्हणजे वाटेत उतरून इंधन भरणं आलं. मुंबई ते लंडन ७,२००, पल्ल्यात बसतं, पण ती वाट जवळजवळ सगळी जमिनीवरून. मग लंडन ते न्यूयॉर्क, जिथे समुद्रच समुद्र आहे, तिथे साडेतीन तास वाचतील. आमचा भाचा मात्र मुंबईला उतरून कसारा घाटात ट्रकच्या मागे उभा असेल.

आता बाबांचा प्रश्न.

ओझरला बाबांचे एक वरिष्ठ बंगळुरूहून आले होते. त्यांनी 'मरुत'वर काम केलं होतं. मरुत म्हणजे भारतातच रेखून घडवलेलं पहिलं जेट लढाऊ विमान. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची नामांकित विमानं रेखणारा कुर्ट टांक बंगळुरूला येऊन राहिला आणि त्याने ते रेखलं. १७ जून १९६१ला ते उडालं. दिसायला इतकं देखणं की आजही संग्रहालयात त्याच्यासमोर उभं राहिलं की हात लावावासा वाटतो. कुडी ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी बेतलेली. पण तिला हवं तेवढं दमदार इंजिन कधी मिळालंच नाही. इजिप्तमध्ये एक इंजिन घडत होतं, त्याचीही वाट पाहून झाली. शेवटी ब्रिस्टल सिडलीच्या ऑर्फियस इंजिनावर भागवलं आणि सरळ उड्डाणात मरुत ध्वनीच्या वेगापर्यंत जेमतेमच पोचलं. १९७१च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर ते चांगलं लढलं, पण ज्यासाठी जन्मलं होतं ते त्याच्या नशिबी नव्हतं. ते वरिष्ठ म्हणे जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणायचे, "सिंह बनवला आणि काळीज शेळीचं बसवलं."

गंमत अशी की त्याच ब्रिस्टल सिडलीचं दुसरं इंजिन, ऑलिम्पस, कॉन्कॉर्डच्या पोटात गेलं आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाने सत्तावीस वर्षं प्रवासी नेत राहिलं. ते तरी कुठून आलं? व्हल्कन नावाच्या ब्रिटिश बॉम्बरच्या इंजिनाचा तो वंश. म्हणजे त्या काळजाची किंमत शीतयुद्धात ब्रिटनच्या करदात्याने आधीच मोजली होती. कॉन्कॉर्डच्या प्रवाशाने शॅम्पेनचे पैसे दिले असतील, इंजिनाचे नाही.

लढाऊ विमान वेगाने जातं ते काही मिनिटं. बाबांच्या मिगचं इंजिन काही शे तासांनी ओव्हरहॉलला जायचं आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. प्रवासी विमानाचं इंजिन पंखाखालून न काढता हजारो तास चालावं लागतं, नाहीतर विमान कंपनी बुडते. सुपरसॉनिक प्रवासी विमानाला दोन्ही हवं: लढाऊचा वेग, तोही तासन् तास, आणि बसगाडीचा टिकाऊपणा. त्यावर विमानतळाभोवतीच्या लोकांना सोसेल असा आवाज. आधुनिक प्रवासी विमानांची इंजिनं शांत आणि काटकसरी झाली ती त्यांच्या तोंडाशी असलेल्या थोरल्या पंख्यामुळे. तो पंखा ध्वनीपेक्षा जास्त वेगात नुसता अडसर होऊन बसतो. पंखा लहान केला की आवाज वाढला आणि तहान वाढली. हे कुणाच्या आळसामुळे राहून गेलेलं काम नाही. हवेशी वाटाघाटी करता येत नाहीत. कॉन्कॉर्डची कुडी त्या वेगात इंजिनाच्या एक टन रेट्यावर सात टन वजन पेलायची. जम्बो जेट आपल्या वेगात सतरा टन पेलायचं. ९५ टनांपर्यंत इंधन भरून शंभर माणसं नेण्यामागचं गणित हे एवढंच आहे.

तर २०२२ साली काय झालं? बूमबरोबर इंजिनाचा अभ्यास करणारी रोल्स-रॉइस सप्टेंबरमध्ये बाहेर पडली. इतर बड्या इंजिनवाल्यांनीही आपल्याला या बाजारात रस नसल्याचं सांगून टाकलं. जगात मोठं जेट इंजिन बनवणारी घरं एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. डिसेंबरमध्ये बूमने जाहीर केलं: इंजिन आम्हीच बनवतो, नाव 'सिम्फनी'.

हे वाचून मी बाबांना फोन केला होता. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "कावेरीला किती वर्षं झाली गं?" तेजस या देशी लढाऊ विमानासाठीच्या कावेरी इंजिनाला १९८९ मध्ये मंजुरी मिळाली. २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं काढलं. तेजस आजही अमेरिकन इंजिनावर उडतं. त्यामागे सरकारी दिरंगाई असेल, निधीची चणचण असेल, तरी एका अख्ख्या देशाची इच्छा होती. आणि इंजिन नको, नुसतं विमान घ्या. जपानच्या मित्सुबिशीने एक छोटं, साधं, ध्वनीपेक्षा हळू जाणारं प्रवासी विमान बनवायला घेतलं होतं. इंजिन बाहेरून आयतं मिळत होतं. पंधरा वर्षं खपून फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी हात टेकले.

भाचा यावर म्हणतो, "मावशी, पण ऑर्डरी बघ ना! एवढ्या मोठ्या एअरलाइन्स उगाच घेतील का?"

ऑर्डरींचं मला वाटतं ते असं. जून २०२१ मध्ये युनायटेड या अमेरिकन विमान कंपनीने पंधरा विमानं घेऊ म्हणून जाहीर केलं, सुरक्षेच्या आणि खर्चाच्या सगळ्या अटी पुऱ्या झाल्या तर. त्या वेळचं वेळापत्रक होतं: २०२५ मध्ये विमान बाहेर, २०२६ मध्ये उड्डाण, २०२९ मध्ये प्रवासी. या घोषणेला दोन आठवडेही बाकी नव्हते तेव्हा एरिऑन नावाची दुसरी कंपनी बंद पडली होती. तीही सुपरसॉनिकच, श्रीमंतांसाठी खासगी जेट. पाठीशी बोइंग, वहीत ११.२ अब्ज डॉलरच्या ऑर्डरी. बंद करताना कारण सांगितलं, पुढचं भांडवल मिळत नाही. अकरा अब्जांच्या ऑर्डरी असलेल्याला भांडवल मिळत नसेल, तर त्या ऑर्डरी म्हणजे काय ते समजून घ्यावं. आपल्याकडे कांदेपोहे खाऊन, "कळवतो" म्हणून उठणारी मंडळी असतात. त्यांच्या भरवशावर कुणी हॉल बुक करत नाही.

कॉन्कॉर्डच्या वेळीही असे पोहे सत्तरहून जास्त ताटल्यांत वाढले गेले होते. अमेरिकेच्या पॅनॅम आणि टीडब्ल्यूए, जपानच्या, ऑस्ट्रेलियाच्या विमान कंपन्या. आपली एअर इंडियासुद्धा, दोन विमानांसाठी. ३१ जानेवारी १९७३ला पॅनॅम आणि टीडब्ल्यूएने एकाच दिवशी नकार कळवला आणि बाकीची स्थळं एकेक करून उठून गेली. शेवटी घरचीच दोन उरली, ब्रिटिश एअरवेज आणि एअर फ्रान्स, सात-सात. कॉन्कॉर्डने पुढे नफाही कमावला असं सांगणारे भेटतात. कमावला, ब्रिटिश एअरवेजने. विमान बनवायचा खर्च दोन सरकारांनी गिळल्यावर, काही विमानं तर एक पौंडाला मिळाल्यावर, रोजच्या फेरीत नफा निघाला. सासऱ्याने बांधून दिलेल्या घरात राहून भाडं वाचलं म्हणण्यासारखं आहे ते.

आणि ग्राहकही आता तो राहिलेला नाही. कॉन्कॉर्डच्या काळात लंडनहून न्यूयॉर्कला जाणारा साहेब सात तास खुर्चीत अवघडून बसायचा, म्हणून त्याला साडेतीन तास विकत घ्यावेसे वाटायचे. आज तेवढ्याच पैशात त्याला पाय पसरायला पलंग मिळतो, उशी-पांघरूण मिळतं, इंटरनेट मिळतं. तो जेवतो, दोन ईमेल पाठवतो, झोपतो. वेग विकत घेणारा माणूस झोप विकत घ्यायला लागला. त्याला पुन्हा अरुंद कुडीत बसवायचं आहे.

पर्यावरणाचं थोडक्यात सांगते. स्वतंत्र अभ्यासकांनी २०१८ मध्ये काढलेला अंदाज होता की असं विमान दर प्रवाशामागे साध्या विमानाच्या पाच ते सातपट इंधन जाळेल. कंपनी म्हणते, आम्ही शाश्वत इंधनावर चालवू. जगातल्या विमान-इंधनात ते अजून एक टक्काही नाही. एवढ्याशा तुपात आधी कुणाची पोळी बुडवायची, हा प्रश्न मला पडतो.

भाच्याचा एक मुद्दा मात्र मला सहज झटकता आलेला नाही. तो म्हणतो, रॉकेटवाल्या स्पेसएक्सलाही सगळे हसलेच होते. खरं आहे, मीही हसले होते. पण स्पेसएक्सने इंजिनापासूनच सुरुवात केली, पहिली तीन रॉकेटं पडली तेव्हा आत माणूस नव्हता, आणि वाट पाहणारं 'नासा'सारखं रोख पैसे देणारं गिऱ्हाईक होतं. तरीही कबूल करते, मोहावेच्या वाळवंटात मूठभर माणसांनी ते पांढरं दाभण उडवलं तेव्हा मी व्हिडिओ एकदा नाही, चारदा पाहिला. २०१७ मध्ये उडणार म्हणून सांगितलेलं विमान २०२४ मध्ये उडालं, पण उडालं. आमच्या कॉलनीतली अर्धी माणसं निवृत्त होईपर्यंत जे उडेल म्हणून थांबली, त्यांना याची किंमत ठाऊक आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये भाचा सुट्टीवर आला. बावीस तासांचा प्रवास, मग घाट. त्याच आठवड्यात बातमी होती की बूम आता आपल्या इंजिनाच्या तंत्रावर नैसर्गिक वायूवर चालणारी टर्बाइनं बनवून एआयच्या डेटा सेंटरना वीज करायला विकणार. एका गिऱ्हाइकाने २९ मागितली आहेत. त्या पैशावर विमान पुढे नेऊ, असं म्हणतात. भाचा जरा चाचरतच हे सांगत होता, आजोबा हसतील म्हणून. बाबा हसले नाहीत. उलट खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "हे बरं सुचलं त्यांना. जमिनीवर दहा हजार तास फिरू दे. पाती कुठे तडकतात ते कळेल. मग वर न्या." किती मेगावॉटचं, गरम भागाला धातू कोणता, पाती ओतीव की घडीव, असं ते विचारत सुटले. पहिल्यांदाच त्या कंपनीबद्दल त्यांचा चेहरा उजळलेला मी पाहिला. भाच्याला यातलं निम्मंही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेट लॅगने गाढ झोपला होता आणि आभाळात तो जुना ठोका पडला. तावदानं वाजली. तो धडपडत उठला, गॅलरीत जाऊन वर बघायला लागला. वर काहीच नव्हतं. "मावशी, काय झालं?"

"गेला," मी म्हटलं. तांदूळ नव्हते, मेथी निवडत होते.

बाबा सावकाश उठले, खिडकीशी गेले आणि काचेच्या कडेला लावलेली लांबी अंगठ्याने दाबून बघायला लागले.